सुनेत्राचा बेवारस पोट्टा

सुनेत्रा देवतळेने घरात कुणीतरी पुरुष ठेवला आहे, ही बातमी आमच्या गल्लीत आणली माझ्या बायकोने. लोक माझं नाव घेतात, ते साफ खोटं आहे. मी ती फक्त पुढे नेली, आणि नेतानाही पदरचं फार काही घातलं नाही.

झालं असं. विनोदिनी, म्हणजे माझी बायको, संध्याकाळी मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. आमच्या आणि सुनेत्राच्या अंगणामध्ये छातीएवढी भिंत. पलीकडच्या खिडकीतून सुनेत्राचा आवाज आला, "तू कुणाचा रे? सांग ना बापा. असा किती दिवस एकटा बसून राहशीन?" विनोदिनीने कान टवकारले. उत्तर नाही. पुन्हा सुनेत्रा, जरा लाडात, "तुले कोणीच नाही का रे? असं कसं होईन?" एवढं ऐकल्यावर कपडे दोरीवरच राहिले आणि विनोदिनी घरात.

"अहो, सुनेत्राकडं माणूस हाये."

"कोण माणूस?"

"ते नाही माहीत. बोलत नाही तो. मुका तरी हाये, नाही तर लाजून राहिला."

माझ्याजवळ पुरावा आधीपासून होता, फक्त जुळवायचा राहिला होता. दर रविवारी सुनेत्राच्या फाटकाशी एक लाल मोटारसायकल उभी राहायची. रविवारीच दुपारी त्या बाजूने मासळी तळल्याचा वास यायचा, आणि देवतळ्यांच्या घरात तर अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. शिवाय कुणीतरी शीळ घालायचं, तीही लांब ओढलेली, निवांत माणसाची. डोळ्यांनी मोटारसायकल पाहिली, नाकाने मासळी हेरली, कानाने शीळ पकडली आणि आता विनोदिनीने संवाद आणला. इतक्या बाजूंनी आलेल्या गोष्टी एकाच घरावर येऊन मिळाल्या. यापेक्षा पक्कं काय असतं?

ते घर कुठे आहे, हे आधी सांगतो, म्हणजे आम्हाला या बातमीची एवढी भूक का होती ते कळेल. नवा रायपुर म्हणजे छत्तीसगडची राजधानी. मंत्रालय आहे, मोठमोठी कार्यालयं आहेत, आणि रस्ते इतके रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारण्याआधी आपण विचार करतो, खरंच एवढं काम आहे का. बस येते, नाही असं नाही. पण कार्यालयं सुटली की गाड्यांची रांग जुन्या रायपुरकडे निघून जाते आणि मागे उरतात खांबांवरचे दिवे, दुभाजकावरची कण्हेर आणि आम्ही. आमच्या वसाहतीतली घरं विकली सगळी गेली; राहायला मात्र फार थोडे आले. बाकीच्यांनी कुलपं लावली आणि प्रॉपर्टी झाली म्हणून समाधान मानलं. कुचाळक्या करायच्या तर माणसं लागतात हो. जुन्या रायपुरात, तात्यापाऱ्यात आमचं भाड्याचं घर होतं, तिथं एका खिडकीवर दिवस निघायचा. इथं एक सुनेत्रा, एक आम्ही, आणि कोपऱ्यावर दोन कुटुंबं. हाती लागेल ती बातमी पुरवून पुरवून वापरावी लागते.

सुनेत्रा ही नरहरी देवतळेची मुलगी. नरहरी आणि मी रेल्वेतले. तो वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात, मी कार्यालयात पंख्याखाली. मूळचा तो वर्ध्याकडचा, पण पोट्टी वाढली इथल्या रेल्वे कॉलनीत. डोक्याने तल्लख. भौतिकशास्त्र घेऊन नागपूरला एम.एस्सी. केलं, मग बाहेर जाऊन डॉक्टर झाली. नाडी बघणारी नाही, आकाश बघणारी. आई गेली तेव्हा बापाजवळ राहायला म्हणून परत आली. तात्पुरती आली होती. ती तात्पुरती आता पन्नाशीला टेकली.

शहरातल्या एका खासगी कॉलेजात ती शिकवते. मराठी घरातले पोट्टेसुद्धा मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देतात आणि इंग्रजीत विचारलं की देतच नाहीत, असं तिचं म्हणणं. लग्नाचं विचाराल, तर तुमच्याआधी मी विचारलेलं आहे, तेही नरहरीच्या देखत. पहिल्यांदा ती हसली, नंतर चहा आणायला उठली, आणि त्यानंतर म्हणाली, "काका, तुमाले काही काम नाही का?" मी तो विषय सोडला नाही, पण तिच्यासमोर काढणं सोडलं.

हे घर नरहरीने घेतलं ते माझ्याच आग्रहावरून. निवृत्तीनंतर तो फाटकाशी वेताची खुर्ची टाकून बसायचा आणि येणारा-जाणारा बघायचा. रस्त्यावर येणारं-जाणारं कुणी नसे, म्हणून मीच त्याच्यासमोरून जायचो आणि यायचो. "कुठं निघालास बे?" तो विचारायचा. "जाऊन येतो," मी म्हणायचो. मागच्या पोळ्याच्या सुमाराला तो गेला. खुर्ची तिथंच आहे. सुनेत्रा ती आत घेत नाही आणि तिच्यावर बसतही नाही.

तर, रविवार बघून, लाल मोटारसायकल फाटकाशी असताना, मी विनोदिनीच्या हातच्या, कोथिंबीर भरून तळलेल्या पुडाच्या वड्या घेऊन सुनेत्राकडे गेलो. वड्या हे निमित्त. दार उघडंच होतं. ती संगणकासमोर बसली होती, केस वर बांधलेले, चष्मा कपाळावर.

"कोण आहे आतमध्ये?" मी थेट विचारलं. या वयात आडवळणाने विचारायला वेळ नसतो.

"कोण राहीन काका? मी आहो, अन हा आहे." तिने पडद्याकडे बोट केलं.

काळ्या पडद्यावर रंगीत वर्तुळं. काही एकमेकांत अडकलेली, काही नुसती चिकटलेली. मधोमध एक पिवळं वर्तुळ सगळ्यांपासून सुटं.

"याच्याशी बोलून राहिली होती तू?"

"काहून? काकूनं ऐकलं का?" आणि ती एवढी हसली की चष्मा कपाळावरून नाकावर आला. नरहरी गेल्यापासून त्या घरात हसण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

मग तिने मला समजावलं. तिने ज्या शब्दांत सांगितलं त्याच शब्दांत तुम्हाला सांगतो, कारण माझे घातले तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. गॅमा किरण म्हणजे प्रकाशाचाच एक प्रकार, पण फार तापट, क्ष-किरणांच्याही पुढचा. आपल्या आकाशगंगेत काही जागा आहेत, तिथून ते सुटतात. फुटलेल्या ताऱ्यांची कवचं आहेत, भोवऱ्यासारखे फिरणारे मेलेले तारे आहेत. आता या किरणांतही कमी तापट आणि जास्त तापट असतात. कमी तापट उपग्रह पकडतो. जास्त तापट फार थोडे असतात. ते वरच्या हवेवर आपटले की जो तुषार उडतो, तो डोंगरावर बसवलेली यंत्रं पकडतात. उपग्रहवाल्यांची एक यादी, डोंगरवाल्यांची दुसरी, रेडिओ दुर्बिणवाल्यांची तिसरी. प्रत्येक जण म्हणतो, मला अमुक दिशेला काहीतरी दिसलं.

"आता उपग्रहानं पाहिलं ते अन डोंगरावरून दिसलं ते एकच आहे का दोन, हे कोणी ठरवावं?"

"कोणी?"

"म्या. घरबसल्या, बिनपगारी."

"म्हणजे जे मी अन तुझी काकू करतो, तेच की."

"तेच. फरक एवढाच आहे काका, की मले चुकायची भीती वाटते."

हा टोमणा मी गिळला आणि मुद्द्यावर आलो. "मग ती मोटारसायकल?"

तिने मला हाताला धरून अंगणात नेलं आणि वर बघायला लावलं. वरच्या मजल्यावर, सुनेत्राच्या बरोबर डोक्यावर, एक बनियनवाला माणूस खिडकी पुसत होता आणि शीळ घालत होता. तो सुशील. शहरापलीकडच्या उरला औद्योगिक भागात कारखान्यात कामाला, राहायला तिथंच बीरगांवात. आम्ही रिकामं समजत होतो ते वरचं घर त्याने कर्ज काढून घेतलं. पण कारखान्याची पाळी सोडून इतक्या लांब राहायचं कसं? म्हणून दर रविवारी येतो, खिडक्या उघडतो, नळ सोडतो, झाडू मारतो आणि जातो. मासळी कोपऱ्यावरच्या घरची, वारं आणायचं.

"नमस्ते अंकल!" सुशील वरून ओरडला.

"तुमी फाटकावरून पाहता," सुनेत्रा म्हणाली. "फाटकावरून वरचा मजला अन खालचा मजला एकाच दिशेले. आकाशात तर मजले दिसतच नाही काका. एक जवळ असते, एक पार तिकडं, अन आपल्याले वाटते शेजारीपाजारी आहे, लावून टाका लग्न. आकाशगंगेच्या पट्ट्यात तर एवढी दाटी आहे की डोळे मिटून बोट ठेवलं तरी कोणाच्या ना कोणाच्या शेजारी पडते."

अशी गल्लीची चांगली पोसलेली बातमी अंगणात उभ्या-उभ्या मेली. विनोदिनीला हे सांगणं मला जड गेलं. ती म्हणाली, "वरचा मजला खालच्याले लागूनच असते ना पण?"

पण मी वड्या देऊन लगेच निघालो नव्हतो, अंगणातून पुन्हा आत गेलो होतो. मला त्या सुट्या पिवळ्या वर्तुळाबद्दल विचारायचं होतं. त्याला लाडाने "तू कुणाचा रे" म्हणणं मी विसरलो नव्हतो.

"हा डोंगरवाल्यांच्या यादीतला," ती म्हणाली. "जास्त तापट किरणांत ठळक दिसते. उपग्रहाच्या यादीत तिथं काहीच नाही. जवळ एक मेलेला फिरता तारा आहे. सगळे म्हणाले, त्याचाच असंन. मी हिशोब केला. त्याच्यात एवढा दमच नाही. त्याचं तेज जास्त तापट किरणांपर्यंत ओढून नेलं तरी याच्याशी सांधा बसत नाही. रेडिओच्या जुन्या कागदांत एका फुटक्या ताऱ्याचं कवच आहे, तेही बाजूला, पूर्ण चंद्राच्या रुंदीहून जास्त लांब. दुसऱ्या एका गटानं तेच कवच याच्या नावापुढं लिहून दिलं, प्रश्नचिन्ह लावून. ओढूनताणून. म्हणजे याले कोणीच नाही."

"बेवारस पोट्टा."

"हो. अन आकाशात खरोखरचा बेवारस सापडला ना, तर ती लय मोठी गोष्ट असते. म्हणजे असं काहीतरी, जे अजून कोणाले माहीतच नाही."

मग हळूच बाकीचंही बाहेर आलं. नागपूरला तिच्या वर्गात उदय नावाचा मुलगा होता. (मी लगेच नीट बसलो.) तो आता बाहेर एका मोठ्या संस्थेत गटाचा प्रमुख आहे, आणि हिचं हे काम त्याच्याच गटासाठी चालतं. लवकरच तो रायपुरला एका सभेसाठी येणार होता. बेवारस पोट्टा बेवारसच ठरला, तर त्या सभेत तो सुनेत्राच्या नावाने जाहीर होणार होता, आणि त्याच्या बळावर उदय तिला दोन वर्षांसाठी आपल्या संस्थेत बोलावणार होता. तसं त्याने कबूलही केलं होतं.

"एवढं काय आहे तिथं?"

"तिथं दुपारी सगळे एका टेबलावर जेवतात. जेवता जेवता भांडतात, याच गोष्टीवरून. इकडून मी फोनवर ऐकत राहते. कधी मी काही बोलते तर त्यांच्या ताटांच्या आवाजात ऐकूच जात नाही." तिने वड्या जवळ ओढल्या. "काका, मले त्या टेबलावर बसून भांडायचं आहे."

 मी "वड्या गरम कर अन खा" म्हणालो आणि उठलो.

उदय यायचा दिवस उजाडला. सुनेत्राने अभनपुरच्या बाजारातून ताजी लाल भाजी आणली, उडदाचे वडे केले. विनोदिनी भिंतीवरून ती कोणती साडी नेसते ते बघून आली. "निळी," ती म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं की निळ्या साडीत सगळं आलंच. दुपारची वेळ टळत आली तरी गाडी आली नाही. मी सहज म्हणून बाहेर पडलो. सहज म्हणजे कसं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

एक गल्ली मागे, एका कुलूपबंद घरासमोर टॅक्सी उभी होती. गुडघाभर वाळकं गवत, फाटकाला गंजलेली साखळी, आणि साखळीला धरून एक टक्कल पडलेला, चांगल्या कपड्यांतला माणूस हाका मारत होता, "सुने! ए सुने!"

सुने! आता सांगा, मी यातून काय घ्यायचं?

"कोण पाहिजे आपल्याले?"

"देवतळे. चौतीस नंबर."

"चौतीसच आहे हे."

"पण इथं तर..." त्याने गवताकडे बघितलं. चेहरा पार उतरलेला. "बरेच दिवस कोणी राहत नाही असं दिसते. फोनही उचलून नाही राहिली. गेली का ती इथून?"

झालं होतं एवढंच, की आमच्या वसाहतीत मुख्य फाटकाच्या बाजूला मागाहून घरांची एक रांग बांधली. नंबर फाटकापासून सुरू होतात, म्हणून सगळ्यांचे आकडे पुढे सरकले. घरं जागच्या जागी, आकडे तेवढे चालायला लागले. जुना चौतीस आज बेचाळीस आहे. जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आजच्या चौतीससमोर उभा राहतो, कुलूप बघतो आणि माघारी जातो. फोनमधल्या नकाशालाही आमच्या वसाहतीच्या जागी अजून धानाची शेतं दिसतात. असे किती माघारी गेले, कुणाला माहीत.

मी त्याला चालत घेऊन निघालो, टॅक्सी मागे. गल्लीच्या वळणापर्यंत त्याची बायको दातांची डॉक्टर आहे, मुलगी बारावीला आहे आणि सासू घरातच राहते, एवढं काढून घेतलं. म्हणजे वळणावर माझी दुसरी बातमीही वारली.

सुनेत्राचा फोन संगणकाच्या मागे कुठेतरी दबलेला होता आणि ती स्वयंपाकघरात वडे तळत होती; हाका काय, भोंगाही ऐकू आला नसता. उदयला दारात बघून ती नुसती "आलास?" म्हणाली. मला कुणी थांब म्हटलं नाही, तसं जा असंही कुणी म्हटलं नाही, म्हणून मी थांबलो.

जेवताना उदय खुलला. मोठा माणूस, पण वड्यासमोर नागपूरचा झाला. "सुने, तुझा पत्ता तुझ्या बाबांच्या वेळचा निघाला ना बे! मी त्या कुलपासमोर उभा, अन मनात म्हटलं, संपलं. हिचं इथं कोणीच नाही, काहीच नाही. एक गल्ली मागं उभा राहून मी तर तुलेच बेवारस ठरवून टाकलं!"

मी हसलो. तोही हसला. सुनेत्रा भाजी वाढत होती, तिचा हात तसाच राहिला. डावातून रस्सा टेबलावर ठिबकत होता.

"किती मागं उभा होता तू?"

"एक गल्ली."

"काका, सगळ्यांचेच नंबर सरकले ना? सगळे सारखे? एकाच बाजूनं?"

"हो तर. घर कोणाचंच हललं नाही."

तिने डाव भांड्यात ठेवला, हात पदराला पुसले आणि संगणकासमोर जाऊन बसली.

"काय झालं हिले?" मी उदयला विचारलं.

"काही तरी सुचलं असंन. तुमच्या नंबरांसारखंच आकाशातही असते काका. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलते, लय हळू. अन आकाश मोजायची रेघांची जाळी त्या आसाच्या हिशोबानं टाकलेली. म्हणून जाळी सरकत जाते. तारे तिथंच. त्याच्यासाठी प्रत्येक यादीवर लिहा लागते, ही कोणत्या सालची जाळी आहे. जुन्या याद्या एकोणीसशे पन्नासच्या जाळीवर, आताच्या दोन हजारच्या."

"अन ते पाहिलंच नाही तर?"

"तर चंद्राच्या रुंदीहून जरासं जास्त..." अर्धा वडा ताटात टाकून तो उठला आणि तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

मीही गेलो. ते सुटं पिवळं वर्तुळ, आणि त्याच्या बाजूला, बरंच दूर, एक निळं, जरा मोठं. सुनेत्राने काहीतरी आकडे बदलले आणि एक बटण दाबलं. निळं वर्तुळ सरकलं आणि पिवळ्याला मधोमध घेऊन बसलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण ते बसणं मला कळलं.

"ते कवच मी जुन्या छापील पानावरून हातानं उतरवलं होतं," सुनेत्रा म्हणाली. "पानावर सालच नव्हतं. बाकीचं सगळं मशीननं बदलून घेतलं, हे एवढं राहिलं. प्रश्नचिन्हवाल्यांचंच बरोबर होतं. मी त्याइले खोटं पाडाले निघाली होती." मग पडद्याकडे बघून, अगदी हळू, जसं विनोदिनीने भिंतीपलीकडून ऐकलं होतं तसंच, "त्याचा होय का रे तू?"

 वरच्या घरात बंद खिडकीचं दार वाऱ्याने कुरकुरत होतं.

उदय वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "सुने, सभा उद्याच आहे. मी जसं ठरलं तसं सांगतो. शंका आहे असं म्हणतो. दुरुस्ती काय, नंतरही करता येते. तोवर तुझं तिकडं येणं पक्कं होऊन जाईन."

"अन मग तुझ्या टेबलावर बसून मी कशावरून भांडू?"

"अगं पण..."

"त्याचं घर सापडलं उदय. मले माहीत झालं. आता मी त्याले बेवारस म्हणू कशी?"

उदयने ताटाकडे परत जाऊन टाकलेला अर्धा वडा उचलला. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू. एखादी जागा निघाली तर." रेल्वेच्या कार्यालयात आयुष्य काढलेल्या माणसाला 'बघू'चा अर्थ कुणी शिकवावा लागत नाही. सुनेत्रालाही लागला नाही. तिने त्याला डब्यात वडे बांधून दिले आणि टॅक्सीपर्यंत गेली. आमच्या रस्त्यावर गेलेली गाडी फार वेळ दिसत राहते. आड यायला काही नसतं.

त्यानंतर विनोदिनी मुद्दाम कपडे उशिरा काढायची. भिंतीपलीकडून काही ऐकू येत नव्हतं. "बोलत नाही हो ती आताशा," ती मला सांगायची, आणि यात एरवीचा मसाला नसायचा. एकदा तर ती म्हणाली, "कोणी असता घरात तर बरं झालं असतं. आपणच खोटं बोलत होतो, पण बरं झालं असतं."

मग एका रविवारी सकाळी सुनेत्रा फाटकापाशी दिसली. हातात काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश. फाटकाच्या खांबावर 'बेचाळीस' होतंच; त्याच्या खाली, बारीक अक्षरांत, ती 'जुना चौतीस' लिहीत होती.

"आता कोण येते बापा जुन्या नंबरानं?" मी विचारलं.

"कोणी आलं तर."

"उदय येऊन राहिला का पुन्हा?"

"नाही काका. अन तुमी काकूले काही सांगू नका, सांगण्यासारखं काही नाही."

तेवढ्यात लाल मोटारसायकल आली. सुशीलने हेल्मेट काढलं आणि वाकून वाचलं. "दीदी, हमारा भी डाल दीजिए ना. गाँव से भाई आया था, वहीं पीछे ताला देखके लौट गया."

"तू तर राहतच नाहीस इथं. आठवड्यात एकदा येतो."

"हव," तो म्हणाला, बीरगांवच्या लोकांसारखा होकार देत. "पर कोई आए तो?"

सुनेत्राने त्याचाही जुना नंबर लिहिला आणि शेजारी वर जाणारा बाण काढला. सुशील वर गेला, खिडक्या उघडल्या, नळ सोडले, शीळ घातली. कोपऱ्यावरून मासळीचा वास आला. आमच्या खिडकीच्या पडद्याआडून विनोदिनीने मला विचारलं, "दोघांनी मिळून रंगवलं का ते?" मी म्हटलं, "मजले वेगळे आहेत." दुपारी मोटारसायकल निघून गेली आणि तिचा आवाज मोठ्या रस्त्यावर बराच वेळ ऐकू येत राहिला.

रंग वाळायचा होता. ओल्या रंगाला कुणी हात लावू नये म्हणून सुनेत्राने नरहरीची खुर्ची खांबाजवळ ओढली, पदराने पुसली आणि तिच्यावर बसली. हात लावायला रस्त्यावर कुणी नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं ऊन.

मी चपला घातल्या आणि तिच्यासमोरून गेलो. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो, आणि पुन्हा निघालो.

"काका, तुमाले काही काम नाही का?" ती म्हणाली.

"आहे ना," मी म्हणालो. "जाऊन येतो."